प्रकरण अकरावे : अक्कांची जोडी

बाबुराव आणि सुंदरा यांचे थोरले चिरंजीव रामदास. रामदास आणि रुक्मिणी यांचे चिरंजीव निंबा. निंबा आणि जयश्री यांची एकुलती एक कन्या मानसी. पारोळ्याचे आमचे भाट वंशावळ म्हणताना सुनांची नावे गाळत असत. मी गाळत नाही. बाबुरावांचे धाकटे चिरंजीव अरविंद हे माझे यजमान. ते मानसीच्या ओळीत येत नाहीत, म्हणून त्यांना येथे एवढीच जागा. त्यांनी स्वतःही याहून अधिक मागितली नसती.

मामंजी मुंबईच्या विधानसभेत दारावरचे पट्टेवाले होते. सभागृहात जाऊन बसण्याचा अधिकार त्यांना नव्हता, पण उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी जे आयुष्यभर पाहिले ते सुरतेला आल्यावर घराला लागू केले. काही महत्त्वाचे ठरवायचे असले की बैठक बसे. सर्वांत धाकट्याने आधी बोलायचे, थोरल्याने शेवटी. कोणी कोणाचे बोलणे तोडायचे नाही. मतदान नाही, सर्वांना मान्य होईल असे वाक्य सापडेपर्यंत उठायचे नाही. आणि एकदा ठरले की उंबऱ्याबाहेर घराचा आवाज एकच. सुरतेच्या कडेला, भेस्तानला, जिथे आमचे घर आहे, तेव्हा चार घरे आणि बाकी वालपापडीची शेते होती. पलीकडच्या गुजराती बाई कुंपणावरून विचारत, “आजे तमारी विधानसभा छे के?” मी ताठ मानेने होय म्हणत असे.

मामंजींनी आणखी एक रीत आणली होती. तिला ते जोडी म्हणत. सभागृहात एका बाजूचा सभासद आजारी पडला आणि मतदानाला येऊ शकला नाही, तर समोरच्या बाकांवरचा एखादा सभ्य माणूस आपण होऊन बाहेर थांबतो, म्हणजे तोल राहतो. पुढे त्याच्यावर वेळ आली की पहिल्याने थांबायचे. कागद नाही, साक्षीदार नाही, आणि मागणेही नाही. ज्याच्यासाठी कोणी थांबले असेल त्यानेच लक्षात ठेवायचे. मागून घेतलेली जोडी ही जोडीच नव्हे, असे मामंजी बजावत. आमच्या घरात जोड्या लागत त्या वऱ्हाडाबरोबर कोणी जावे आणि घरी म्हशीजवळ कोणी राहावे असल्या कारणांनी. मोठी म्हणावी अशी एकच लागली. ती माझी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंची, रुक्मिणीअक्कांची. एवढी वर्षे लोटली तरी ती फिटायची राहिली होती.

मी एक मुदत आमदार होते. त्या काळात मॉरिशस बेटावर, पोर्ट लुई येथे, अनेक देशांच्या कायदेमंडळांची परिषद भरली आणि आमच्या राज्यातून माझी निवड झाली. माझा अमित तेव्हा नुकता पाऊल टाकू लागला होता आणि त्याला गोवर निघाला होता. त्याच आठवड्यात अक्कांना नवसारीला बालवाडी-शिक्षिकांच्या वर्गात जागा मिळाली होती. घराबाहेर पडण्यासाठी त्यांनी जन्मात केलेला तो एकच अर्ज. बैठक बसली. अक्का माझ्यानंतर बोलल्या. “शकुंतला जाई. मी थांबस,” एवढेच त्या म्हणाल्या आणि अमितला काखोटीला मारून आत गेल्या. नवसारीची जागा दुसऱ्या कोणाला गेली. वर्ग पुढे बंद पडला.

मी गेले, आणि जे पाहिले ते आजही मला पाठ आहे. देश वर्णानुक्रमाने बसवले होते. कोट्यवधी माणसांच्या देशापुढे एक पाटी, आणि आमच्या चोऱ्यासी तालुक्याहून लहान असलेल्या बेटापुढेही तेवढ्याच आकाराची पाटी. स्त्रिया आम्ही इतक्या थोड्या होतो की चहाच्या सुट्टीत एका खिडकीत मावत असू. ज्या देशाशी आमच्या सरकारचे बोलणे तुटले होते, त्याचा एक वृद्ध सभासद व्यासपीठावरून आमच्यावर आग पाखडून आला आणि आदल्या दिवशी मी सहज बोललेले लक्षात ठेवून, चहाचा पेला हातात घेऊन मला विचारू लागला, “तुमच्या मुलाचा गोवर उतरला का?” त्याच्या नातीलाही तेव्हा तोच आजार होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या ठरावातील दोन कडवी वाक्ये त्याने आपण होऊन काढली. सरकारे ज्या दारातून एकमेकांकडे पाहतही नाहीत, त्या दारातून लोकांनी निवडून दिलेली माणसे चहा घेऊन आत-बाहेर करू शकतात, हे मी तिथे शिकले.

परिषद संपल्यावर तिथल्या एका गावातील मराठी बायका मला आपल्या घरी घेऊन गेल्या. त्यांचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेले. त्यांची मराठी डब्यात जपून ठेवल्यासारखी जुनी होती. येसू नावाच्या एका बाईने मला निघताना सांगितले, “परत ये हो बाय. तोवर मी मरत नाय.” मला परत जायचे होते. मुदत संपली, निवडणूक हरले, यजमान गेले. जायचे राहून गेले.

या हिवाळ्यात त्याच पोर्ट लुईहून आमच्या घरात दोन बोलावणी आली. तिथल्या कायदेमंडळाने जुन्या परिषदेतील हयात सभासदांना पाहुणे म्हणून निमंत्रिले होते. ते एक माझे. दुसरे मानसीचे. ती दिल्लीत संसदेच्या सचिवालयात परदेशी परिषदांचे काम पाहते. मंदारची, तिच्या नवऱ्याची, बँकेने सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या शाखेत बदली केली, तेव्हा बालसंगोपन रजा घेऊन ती लेकीसह, ऋचासह, आमच्याकडे भेस्तानला राहायला आली होती. आता त्याच परिषदेच्या मसुदा समितीचे काम तिच्यावर सोपवले होते आणि तीन आठवडे तिला तिकडे राहायचे होते.

आणि ऋचा अडीच वर्षांची. ताप चढला की तिला आकडी येते.

*

त्या रविवारी सकाळी गच्चीवर मानसी कपडे वाळत घालत होती. जवळच्या पांडेसऱ्याच्या गिरण्यांच्या धुराड्यांचा धूर हिवाळ्यात खाली बसतो, म्हणून पांढरे कपडे आमच्याकडे उशिरा घालतात. मंदार बादली धरून उभा होता. त्यांचे बोलणे मला मानसीने पुढे सांगितले. ती मला बाईआजी म्हणते, जयश्री आणि ऋचा नुसते बाई.

“तू आज माझ्या बाजूने बोलणार ना?” तिने विचारले.

“बाजूने म्हणजे किती बाजूने?”

“मंदार.”

“अगं, बोलेन. पण तुझ्या आईसमोर मी काय सांगू? दिवसभर शाखेत असतो. मार्च तोंडावर आला. रजा मागितली की साहेब चहा मागवतात आणि विषय बदलतात.”

“बाईआजी घरी असत्या तर प्रश्नच नव्हता. ऋचा त्यांच्याशिवाय दुपारी घास घेत नाही.” मानसी थांबली. “पण त्यांना थांबा म्हणायची माझी छाती नाही. त्या पेटी उघडून बसल्यात चार दिवस.”

“अमितकाकांनी मराठी मंडळात सत्कारही ठरवलाय.”

“हो ना. हार, श्रीफळ, शाल. आणि मी सांगू, शाल परत करा?”

मंदार हसला. ती हसली नाही. ‘मी यादीतून माझे नाव काढायला सांगायचे,’ असे तिने त्या वेळी मनाशी ठरवत आणले होते.

*

वरचा मजला माझा. खालच्या मजल्यावर, निंबाच्या दिवाणखान्यात, बैठक बसली. वडोदऱ्याहून अमित आला होता. तो तिथे महाविद्यालयात शिकवतो. मधोमध ताज्या पोंकाचे ताट ठेवले होते. हिवाळ्यात सुरतेच्या घराघरात हा कोवळ्या ज्वारीचा हुरडा शेवेबरोबर खातात. ऋचा त्यात मूठ घालून शेव तेवढी वेचत होती. अक्का भिंतीशी आपल्या पाटावर. मी खुर्चीवर, माझे गुडघे आता जमीन मानत नाहीत.

“बोल,” मी मानसीला म्हणाले.

“एका कलमावर दोन वर्षं सगळे देश अडून बसलेत,” ती म्हणाली. “कलम असं आहे, की युद्ध थांबवण्याची बोलणी कुठेही झाली तरी बोलायला बसणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. त्यातला ‘निम्म्या’ हा शब्द कंसात आहे.”

“कंसात म्हणजे?” निंबाने विचारले, आणि तोडल्याबद्दल स्वतःचा कान धरला.

“म्हणजे भांडणातला शब्द, बाबा. काही देशांना ‘पुरेशा’ हवंय. एकमत होईपर्यंत दोन्ही शब्द कंसात बसून राहतात.”

“पुरेशा म्हटलं तर काय बिघडलं गं?” जयश्रीने विचारले.

“आई, पुरेसं किती, ते ज्याच्या हातात वाढायचा डाव असतो तो ठरवतो.”

अक्का एकट्याच हसल्या. तोंडाला पदर लावून, पण हसल्या.

“मला जायचंय,” मानसी म्हणाली. “पण ऋचाची सोय झाली नाही तर मी नाही म्हणून कळवते. माझं बोलून झालं.”

मंदारने सांगितले, की रात्र त्याची, पहाट त्याची, रविवार त्याचा. दिवसाचे काय ते मात्र त्याला सांगता येईना. “मला मानसीने जावं असं वाटतं,” एवढे वाक्य त्याने शेवटी नीट उच्चारले, आणि सासूकडे न पाहता पोंकाची मूठ भरली.

अमितने मोजून मापून भाषण केले. त्याला ती सवय आहे. “माझ्या आईला एवढ्या वर्षांनी तिथून सन्मानाने बोलावलंय. मंडळाने सत्कार ठेवलाय. आईने गेलंच पाहिजे, यात कोणाचं दुमत नसावं. मानसी तरुण आहे, तिला पुढे संधी येतील. आणि जायचंच असेल तर एक आया ठेवू. मी बघतो.”

“आया काय करणार आहे, भाऊजी?” जयश्री म्हणाली. तिची पाळी आली होती. ती प्राथमिक शाळेत शिकवते. तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा. त्या दिवशी पोहोचला नाही. “दिवाळीआधी ऋचाला ताप चढला. डोळे फिरले, हातपाय झटके द्यायला लागले. मी तिची आजी. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. बाईंनी तिला कुशीवर वळवलं, कोणाला तोंडात चमचा घालू दिला नाही, घड्याळाकडे बघत तिच्या कपाळावर हात ठेवून बसल्या. माझ्याने ते होणार नाही. मला माझी लाज वाटते, पण नाही होणार. मानसीने थांबावं. अमितभाऊजी म्हणतात ते बरोबर आहे.”

अमित आणि जयश्री यांचे घराला रंग कोणता द्यावा यापासून गणपती किती दिवसांचा बसवावा इथपर्यंत कधी जमलेले नव्हते. त्या दिवशी दोघे एका सतरंजीवर आले. मंदार माझ्याकडे पाहू लागला आणि मग त्याने नजर काढून घेतली.

निंबा उशिरा बोलला. पांडेसऱ्याच्या कापड रंगवण्याच्या गिरणीत तो रंग जुळवतो. नखांच्या कडांना निळे-जांभळे कायमचे बसले आहे. घरात तो अहिराणीच बोलतो. “पोरगी जाई त माले अभिमानच शे,” तो म्हणाला. “पन नातीले काई व्हयनं त मी कोनले तोंड दखाडू? माले काई सुधरत नही.”

त्याच्या मनात आणखी काही होते. ते त्याने मला पुष्कळ पुढे सांगितले. तो लहान असताना, मी पोर्ट लुईला होते त्या दिवसांत, अक्कांची नवसारीसाठी भरलेली पत्र्याची पेटी पलंगाखाली तशीच होती. अमितच्या अंगावरचे डाग निवळेपर्यंत त्यांनी ती रिकामी केली नाही. मग एके दिवशी उघडली, लुगडी फडताळात ठेवली, आणि पेटीत गहू भरले. बैठकीत त्याला ते सारे आठवत होते. पण जोडीची आठवण करून देण्याचा अधिकार मुलालाही नसतो, हे त्याला आजोबांनी शिकवले होते.

त्याने आठवण करून देण्याची गरज नव्हती. बोलावणे आले त्या दिवसापासून मला तेच आठवत होते. आठवणे आणि थांबणे यांत अंतर आहे. त्या अंतरात मी चार दिवस पेटी भरत होते.

माझी पाळी आली तेव्हा अक्का पाटावरून उठल्या. “आधी जेवी घ्या,” त्या म्हणाल्या. “भरीत थंड व्हई राहिनं.”

*

स्वयंपाकघरात अक्का कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकऱ्या थापत होत्या. उजव्या हातात आता पूर्वीची ताकद नाही. डाव्या तळव्याने थापतात, भाकरी तरी गोलच होते. मी वाट्या पुसायला घेतल्या.

“पेटी भराई गयी का?” त्यांनी विचारले.

“भरत आले.”

“तठे थंडी ऱ्हास का?”

“नाही. तिकडे उन्हाळा असतो या दिवसांत.”

“मंग हलका लुगडा ले. ते जांभळं नको लेऊ, जड शे.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवले. “येसू जित्ती व्हई का व?”

मी हातातली वाटी खाली ठेवली. येसूचे नाव मी त्यांना परत आल्यावर एकदा सांगितले होते. याच घरात, अमितच्या अंगाला कडुलिंबाचे पाणी लावताना.

“कोण जाणे,” मी म्हणाले. “अक्का, नवसारीचा तो वर्ग—”

“कोनता वर्ग?”

“तुम्हाला माहीत आहे कोणता.”

“भाकर करपी राहिनी,” अक्का म्हणाल्या. “सरक तठून.”

मी सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर मी शोधत होते तो काटा तिथे नव्हता. त्यांना मनापासून वाटत होते, की मी जावे, हलके लुगडे नेसून जावे, आणि येसू जिवंत असली तर तिला भेटावे. त्या मला एका शब्दाने अडवणार नव्हत्या. त्यांनी अडवले असते तर मी भांडले असते, आणि भांडून कदाचित गेलेही असते.

बाहेर ऋचा रडू लागली. जयश्री तिला भात भरवत होती आणि ती मान फिरवत होती. “नथी खावु,” ती शेजारच्या मुलांची गुजराती बोलत होती, “बाई. बाई आप.” मी हात धुऊन बाहेर गेले, खुर्चीत बसले, आणि तिने माझ्या हातचा घास घेतला. मानसी दारात उभी राहून पाहत होती. आमची नजर मिळाली आणि तिने तोंड फिरवले. मला कळले, की ती नाही म्हणून कळवणार.

*

जेवणानंतर पुन्हा सारे बसले. ऋचा माझ्या पायांशी पेंगत होती.

“माझी बाजू ऐका,” मी म्हणाले. “मानसी पोर्ट लुईला जाईल. ऋचा माझ्याजवळ राहील. मी जात नाही.”

अमित अर्धा उठला. “आई, मंडळाने—”

“तोडू नकोस.”

“तू हे भावनेच्या भरात बोलते आहेस.”

“भावनेच्या भरात मी जन्मात एकच गोष्ट केली, तुझ्या वडिलांशी लग्न. आणि तेही बैठकीत मंजूर करून घेतले होते. खाली बस.”

तो बसला. मंदारला हसू आवरेना म्हणून त्याने रुमाल काढला.

“बाई, मी मघाशी बोलले ते तुम्हाला अडकवायला नव्हे,” जयश्री म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “तुम्ही किती वर्षं त्या बेटाच्या गोष्टी सांगता. मी मुख्याध्यापकांना विचारते. रजा घेते, काळजावर दगड ठेवते. तुम्ही जा.”

“तुझी रजा मला हवीच आहे. दुपारी दोन तास मला झोप लागते. त्या दोन तासांची रजा घे. आकडी आली तर कुशीवर कसे वळवायचे ते मी तुला शिकवीन. पण मी जात नाही, जयश्री. ही जोडी आहे.”

निंबाने डोळे मिटले.

“कोणाची जोडी?” मानसीने विचारले.

तिला माहीत नव्हते. त्या पिढीला कोणी सांगितले नव्हते. अक्का सांगणार नव्हत्या, आणि मी सांगितले असते तर ते बोलून दाखवणे झाले असते. आता सांगणे माझे काम होते. अमितचा गोवर, नवसारीची जागा, अक्कांचे दोन शब्द. मी मोजक्या वाक्यांत सांगितले. अमितने हे प्रथमच ऐकले. तो आपल्या मोठ्या आईकडे पाहत राहिला. तिच्या काखेत तो त्या महिन्यात वाढला होता.

“मला हे नकोय, बाईआजी,” मानसी म्हणाली. “तुमच्या जागेवर पाय देऊन मी तिथे ‘निम्म्या’ शब्दासाठी भांडू? कोणत्या तोंडाने?”

“माझ्या जागेवर नव्हे,” मी म्हणाले. “तुझ्या आजीच्या.”

रस्त्यावरून कापडाच्या गठ्ठ्यांचा टेम्पो गेला, त्याचा हादरा खिडकीच्या काचांना जाणवला आणि थांबला.

मामंजी आणि रामदासभाऊजी गेल्यापासून शेवटचा शब्द अक्कांचा होता. थोरली जाऊ तीच थोरली. मी आमदार असतानाही त्या माझ्यानंतरच बोलत. त्यांनी पाय जवळ ओढून घेतले.

“मी मांगं नही,” त्या मला म्हणाल्या.

“नाही मागितले.”

“एवढा वरीस मनमा बी आनं नही.”

“मला माहीत आहे.”

“मंग कसाले?”

“तुम्ही मागितले असते तर मला फेडता आले नसते, अक्का.”

आम्ही दोघी या घरात समोरासमोरच्या बाकांवरच्या. मिठापासून मुलांच्या शिक्षणापर्यंत एका मताच्या कधी नव्हतो. मला वाटले त्या नाही म्हणतील. त्यांनाही मान आहे. माझ्याहून थोडा अधिकच. आणि एकीने जरी नाही म्हटले, तरी बैठकीत वाक्य होत नाही.

“बरं,” अक्का म्हणाल्या. “पन मनं बी एक आईकी ले. पोरले ताप उना त मी वर यी बसस. तू एकटी बसनार नही.”

“जिना चढवेल?”

“तुना पाय चढतस त मना नही का?”

वाक्य झाले. मानसी जाईल, ऋचा वर राहील, दोघी बसतील. मानसीने येऊन अक्कांच्या मांडीवर डोके ठेवले आणि अक्कांनी तिच्या केसांतून हात फिरवला. मग तिला उठवून म्हणाल्या, भांडी पडली आहेत.

त्या संध्याकाळी अमितने मंडळाला फोन करून सांगितले, की आमच्या घरातून मानसी जात आहे आणि सत्कार तिचा ठेवा. आवाजात कुठे कुरकुर नव्हती. उंबऱ्याबाहेर घराचा आवाज एकच. तो विसरला नव्हता. मी वर जाऊन पेटीतील लुगडी काढून घडीवर घडी ठेवून फडताळात लावली. जांभळे सर्वांत खाली.

*

ताप आला तो मानसीच्या तिथल्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी. जयश्री शाळेतून आली होती. मला झोप लागली होती, आणि तिने मला उठवले तेव्हा ऋचाला तिने आधीच कुशीवर वळवले होते. एक हात लेकराच्या कपाळावर, नजर घड्याळावर. अक्का जिन्याचा कठडा धरून वर आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. आकडी उतरली. डॉक्टर येऊन गेले. मंदार बँकेतून धावत आला, शर्ट घामाने भिजलेला, आणि लेकीला उराशी धरून बसला. मानसीला सारे सांगितले, ताप उतरल्यावर आणि काही न लपवता. ती फोनवर रडली. “येऊ का मी?” तिने विचारले. अक्कांनी फोन घेतला आणि म्हणाल्या, “तठलं काम करी ये.”

परिषद संपली त्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला. ऋचा माझ्या खाटेवर ठोकळे मांडत होती, अक्का खाटेच्या कडेला बसल्या होत्या. फोनचा आवाज मी सर्वांना ऐकू येईल असा केला.

मानसीने आधी येसूचे सांगितले. येसू केव्हाच गेली होती. तिच्या गावात तिची नात भेटली. तिथल्या नगरपालिकेत ती सभासद आहे. तिने घरी नेऊन पुरणपोळी वाढली. मी त्या गावातल्या ज्या ओसरीवर बसले होते तिथे आता काँक्रीट आहे, पण दारापुढची तुळस त्याच जागी आहे.

अक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आणि कलम?” मी मग विचारले.

“काल चहाच्या वेळेपर्यंत अडलेलं होतं, बाईआजी. अडवणाऱ्या देशाच्या एक सभासद होत्या, वयाने तुमच्याएवढ्या. त्यांना वरून हुकूम होता, ‘पुरेशा’च म्हणायचं. मी त्यांच्याजवळ चहा घेऊन बसले. कलमाविषयी बोललेच नाही. त्या म्हणाल्या, मुलं किती, घरी कोण सांभाळतं. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग उठून फोन करायला गेल्या. संध्याकाळी त्यांनी आपला आक्षेप नोंदवला, पण अडवलं नाही.”

अक्का फोनकडे वाकल्या. “मंग काय लिखं शेवट? निम्म्या का पुरेशा?”

“निम्म्या, आजी. कंस काढून.”

अक्कांनी मान हलवली. फोन बंद झाल्यावर त्यांनी ऋचाचा पडलेला ठोकळा उचलून वर ठेवला. मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, “शकुंतला, तुनं मनं आते काई देनं ऱ्हायनं नही.”

“नाही,” मी म्हणाले.

दुपारी आडवे होणे अक्कांना ठाऊक नाही. सून म्हणून आल्या त्या दिवसापासून दिवसा त्यांची पाठ कधी टेकली नव्हती. त्यांनी चपला काढल्या, उशी माझ्याच बाजूची ओढून घेतली, पाय लांब केले, आणि माझ्या खाटेवर उन्हे कलेपर्यंत गाढ निजल्या. ऋचाला मी आवाज करू दिला नाही.